तावदान आणि पाखरू

खिडकीच्या काचेवर आदळून पक्षी मरतो, तेव्हा त्या मरणाचा दोष बहुधा पक्ष्याच्याच माथी मारला जातो. तो घाबरला असेल, नुकता उडायला लागलेला असेल, आजारी असेल, असे म्हटले जाते आणि विषय संपतो. वस्तुतः धडधाकट, अनुभवी आणि त्याच बागेत वर्षानुवर्षे वावरलेला पक्षीही काचेवर तितक्याच सहजपणे आदळतो, कारण काच नावाची वस्तू त्याच्या जगात अस्तित्वातच नसते. झाड, भिंत, दोरी, कोळ्याचे जाळे या सगळ्यांना तो उडता उडता टाळतो; मात्र समोर दिसणारे आभाळ हे आभाळ नसून त्याचे प्रतिबिंब आहे, हे त्याला कळण्याचा कोणताही मार्ग निसर्गाने ठेवलेला नाही. काच ओळखणे माणसालाही शिकावेच लागते. चौकट, मूठ, काचेवरची धूळ आणि बोटांचे ठसे यांवरून तो तिथे काच असल्याचा तर्क करतो, आणि तो तर्कही अनेकदा फसतो म्हणून तर बँकांच्या आणि मॉलच्या काचेच्या दारांवर डोळ्यांच्या उंचीला ठळक पट्टी चिकटवलेली असते. या लेखात पुढे सांगितलेले उपाय म्हणजे पक्ष्यांच्या नजरेला पटेल अशी तीच पट्टी होय.

काच पक्ष्याला दोन तऱ्हांनी फसवते. पहिली तऱ्हा आरपार दिसण्याची: दिवाणखान्याच्या दोन समोरासमोरच्या भिंतींत मोठ्या खिडक्या असतील, किंवा कोपऱ्यात दोन काचा काटकोनात मिळत असतील, तर पलीकडची झाडी सरळ दिसते आणि मधली खोली ही पक्ष्याच्या लेखी उडून जाण्याची मोकळी वाट ठरते, गच्चीला आणि बाल्कनीला बसवले जाणारे काचेचे कठडे याच प्रकारात मोडतात. दुसरी तऱ्हा प्रतिबिंबाची असून घरांच्या बाबतीत तीच अधिक घातक आहे. साध्या पारदर्शक काचेवर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश तिच्या प्रत्येक पृष्ठभागावरून, म्हणजे दोन्ही मिळून सुमारे ८ टक्के, परत फिरतो आणि तिरक्या कोनातून पाहिल्यास हे प्रमाण आणखी वाढते. हा आकडा किरकोळ वाटला तरी दिवसा घराबाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार असतो, त्यामुळे आतून येणाऱ्या क्षीण उजेडापेक्षा परावर्तित झालेले ते ८ टक्केच भारी पडतात आणि खिडकीत अंगणातला आंबा, जास्वंद आणि वरचे आकाश जसेच्या तसे उमटते. उन्हापासून बचाव व्हावा किंवा बाहेरच्यांना आतले दिसू नये म्हणून आरशासारखी फिल्म लावलेल्या काचांत तर हे चित्र दिवसभर टिकते. आतल्या बाजूने पडदा ओढून घेतल्याने आरपार दिसणे थांबते, परंतु प्रतिबिंब काचेच्या बाहेरच्या अंगावर तयार होत असल्याने ते जागच्या जागी राहते.

यात पक्ष्यांच्या डोळ्यांच्या रचनेचाही वाटा आहे. बहुतेक लहान पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, जेणेकरून शिकारी प्राणी कोठूनही आला तरी दिसावा. या सोयीची किंमत अशी, की दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी दिसणारा समोरचा पट्टा अरुंद असतो आणि सर्वांत तीक्ष्ण नजर समोर नसून बाजूला असते. झाडीतून झेपावणारा बुलबुल आपल्या पुढ्यातल्या जागेचे बारीक निरीक्षण करत नसतो, तर फटीचा अंदाज घेऊन त्यातून निसटत असतो. काचेपासून दोन-चार हातांवर पोहोचल्यावर त्याला काही खटकले तरी तेवढ्या अंतरात वेग आवरणे शक्य नसते. अशा धडकेत मान मोडते असा सार्वत्रिक समज आहे. मात्र मेलेल्या पक्ष्यांची तपासणी केली असता मृत्यूचे कारण बहुधा डोक्याला बसलेला मार आणि मेंदूतील रक्तस्राव हे आढळते. म्हणूनच धडकेनंतर क्षणभर बसून उडून गेलेला पक्षी वाचलाच असे मानता येत नाही. त्यांतले कित्येक पुढे काही तासांत कुठेतरी झुडपात मरून पडतात, आणि मांजर, मुंगूस व कावळे त्यांचा मागमूस उरू देत नाहीत. ही हानी घरमालकांच्या लक्षात न येण्याचे मुख्य कारण हेच आहे.

काचेची ही कीर्ती नवी नाही. अमेरिका आणि कॅनडातील पक्ष्यांविषयी १८३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात थॉमस नटॉल या निसर्गअभ्यासकाने भक्ष्याचा पाठलाग करणाऱ्या एका लहान ससाण्याची हकीकत नोंदवली आहे; तो काचगृहाच्या दोन काचा फोडून आरपार गेला आणि तिसऱ्या काचेने त्याला अडवले. या विषयाचा पद्धतशीर अभ्यास मात्र १९७० च्या दशकात डॅनिएल क्लेम यांनी सुरू केला, जे पुढे पेनसिल्व्हेनियातील म्युलेनबर्ग महाविद्यालयात प्राध्यापक झाले. अमेरिकेत काचेमुळे दरवर्षी १० कोटी ते १०० कोटी पक्षी मरत असावेत, हा त्यांनी १९९० मध्ये मांडलेला अंदाज प्रथम अनेकांना अतिशयोक्त वाटला. परंतु २०१४ मध्ये स्कॉट लॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून काढलेला अंदाजही ३६.५ कोटी ते ९८.८ कोटींच्या दरम्यान निघाला. या दुसऱ्या अभ्यासातील एक तपशील एकूण आकड्यापेक्षाही बोलका आहे. गगनचुंबी इमारतींचा वाटा त्यात एक टक्क्याहूनही कमी होता, मध्यम उंचीच्या इमारतींचा ५६ टक्के, तर एक ते तीन मजली राहत्या घरांचा ४४ टक्के. एकेका घरामागे वर्षाकाठी दोनेक पक्षी एवढेच हे प्रमाण असले तरी घरांची संख्या कोट्यवधी असल्याने बेरीज प्रचंड होते. काचेच्या मनोऱ्यांना नावे ठेवणे सोपे असते. खरा प्रश्न मात्र बागेत उघडणाऱ्या बैठकीच्या खिडकीचा आहे.

घराच्या खिडकीला हे रूप येण्यामागे काच बनवण्याच्या पद्धतीतला बदल आहे. वितळलेल्या कथिलाच्या पृष्ठभागावर काचेचा रस तरंगत ठेवून सपाट, निर्दोष आणि हव्या तेवढ्या मोठ्या काचा बनवण्याची रीत, जिला फ्लोट पद्धत म्हणतात, इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली आणि १९९० च्या दशकात भारतातही अशा काचेचे कारखाने उभे राहिले. त्यापूर्वीची महाराष्ट्रातली खिडकी निराळी होती. वाड्यांच्या खिडक्यांना लाकडी झडपा आणि उभे लोखंडी गज असत, काच असलीच तर ती छोट्या छोट्या तावदानांत तुकड्या-तुकड्यांनी बसवलेली असे. गोव्यातल्या जुन्या घरांत तर काचेऐवजी एका चपट्या शिंपल्याचे पातळ पापुद्रे लाकडी चौकटींत बसवत, ज्यांतून दुधी उजेड आत येई पण आरपार काही दिसत नसे. या खिडक्या पक्ष्यांच्या कल्याणासाठी केलेल्या नव्हत्या. गज चोरासाठी आणि शिंपला उन्हासाठी होता. तरीही दोन गजांमधले सुमारे चार बोटांचे अंतर आणि क्लेम यांनी प्रयोगांती सांगितलेले काचेवरच्या खुणांमधले अंतर यांत फारसा फरक नाही, आणि या योगायोगाचा अर्थ पुढे स्पष्ट होईल. आज बंगल्यांत आणि शेतघरांत जमिनीपासून छतापर्यंतच्या अखंड काचा हौसेने बसवल्या जातात, समोरची हिरवळ आत यावी म्हणून ग्रील टाळले जाते किंवा आतून लावले जाते, आणि पक्ष्याच्या दृष्टीने असलेले एकमेव संरक्षण नाहीसे होते.

महाराष्ट्रात या संकटात सापडणाऱ्या पक्ष्यांत नवरंगाचे नाव प्रथम घ्यावे लागते. हिवाळा दक्षिण भारत आणि श्रीलंकेत काढून पावसाळ्याच्या तोंडावर वीण घालण्यासाठी उत्तरेकडे सरकणारा हा रंगीत पक्षी रात्री प्रवास करतो आणि पहाटे थकून मिळेल त्या झाडीत, अगदी शहरातल्या बागेतही, उतरतो. दाट रानाच्या जमिनीलगत वावरण्याची सवय असलेल्या या पाहुण्याला काचेत दिसणारी सावली हे आसऱ्याचे ठिकाण वाटल्यास नवल नाही. त्याच सुमारास कोकणात येणारा चिमुकला तिबोटी खंड्या आणि रानातल्या फटींतून जमिनीलगत सरळ रेषेत सुसाट उडणारा पाचू कवडा हेही असेच सापडतात. सिंगापूरमध्ये गोळा केलेल्या नोंदींतही नवरंगाचे भाऊबंद, पाचू कवडे आणि हरियलाच्या कुळातली हिरवी कबुतरे ठळकपणे पुढे येतात, म्हणजे हा केवळ योगायोग नसून उडण्याच्या ढबीचा परिणाम आहे. महाराष्ट्राचा राज्यपक्षी असलेला हरियल वड-उंबराच्या फळांवर थव्याने येतो आणि दचकला की सगळा थवा एकदम, सरळ आणि वेगाने निघतो. समोर काच असेल तर थांबणे नाही. तांबट, बुलबुल, दयाळ हे बागेचे नेहमीचे रहिवासी आणि त्यांच्या मागे लागलेला शिक्रा यांचीही गत तीच, आणि शिक्र्याच्या बाबतीत तर नटॉलच्या ससाण्याचीच कथा पुन्हा घडते.

या समस्येवर सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी उपाय म्हणजे काचेच्या मध्यभागी ससाण्याच्या आकाराचे एक काळे चित्र चिकटवणे. यामागची कल्पना अशी, की शिकारी पक्ष्याची आकृती पाहून लहान पक्षी दूर पळतील. पण निश्चल, न हलणारा ससाणा पक्ष्यांना काही काळातच बिनधोक वाटू लागतो, आणि त्याच्या कडेने उरलेली सगळी काच पूर्वीसारखीच मोकळी दिसते. चित्र टाळून पक्षी हातभर बाजूला आदळतो. येथे भीतीचा संबंधच नाही. पक्ष्याला हवी असते ती जागा अडलेली असल्याची खूण, आणि ती खूण संपूर्ण काचेवर इतकी दाट हवी की दोन खुणांमधून अंग काढता येणार नाही असे त्याला वाटावे. पंख पसरून उडणाऱ्या लहान पक्ष्याला उभ्या दोन रेषांमधली सुमारे १० सेंटिमीटरहून अरुंद आणि आडव्या दोन रेषांमधली सुमारे ५ सेंटिमीटरहून अरुंद फट आपल्या मापाची वाटत नाही, असे प्रयोगांतून दिसले आहे. आडव्या रेषा दुप्पट दाट लागण्याचे कारण उघड आहे: पसरलेल्या पंखांची रुंदी मोठी, पण अंगाची जाडी थोडी. शिंजिरासारखे अगदी छोटे पक्षी बागेत असतील तर दोन्ही दिशांनी ५ सेंटिमीटर अंतर ठेवणे अधिक सुरक्षित. वाड्याच्या खिडकीचे गज नकळत जे करीत होते ते हेच.

ही मापे तपासण्याची एक चतुर पद्धत आहे. ऑस्ट्रियात होहेनाऊ येथे आणि अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील पावडरमिल केंद्रात लांब अंधाऱ्या बोगद्यासारखी एक खोली उभारली आहे, जिच्या उजेडाच्या टोकाला शेजारी शेजारी दोन काचा असतात, एक कोरी आणि एक खुणा केलेली. अभ्यासासाठी जाळ्यात धरलेला पक्षी अंधाऱ्या टोकाला सोडला की तो उजेडाकडे झेपावतो. कोणत्या काचेकडे गेला ते टिपले जाते आणि काचेपूर्वी ताणलेले तलम जाळे त्याला अलगद अडवते, मग त्याची सुटका होते. खुणा कुचकामी असतील तर पक्षी दोन्हींकडे सारख्याच संख्येने जातात. ऑस्ट्रियाच्या मानकानुसार शंभरातले जास्तीत जास्त दहाच पक्षी खुणा केलेल्या काचेकडे गेले, तर ती काच अत्यंत परिणामकारक मानली जाते. या चाचण्यांतून कळलेली दिलासा देणारी गोष्ट अशी, की काच झाकून टाकावी लागत नाही: ५ मिलिमीटर जाडीच्या उभ्या रेषा १० सेंटिमीटरच्या अंतराने ओढल्या तर काचेचा जेमतेम विसावा हिस्सा व्यापला जातो आणि बाहेरचे दृश्य जवळजवळ तसेच राहते.

घरच्या घरी हे करायचे तर एकच पथ्य काटेकोरपणे पाळावे लागते, ते म्हणजे खूण काचेच्या बाहेरच्या बाजूला असावी. आतून चिकटवलेली खूण बाहेरच्या प्रतिबिंबाखाली दडून जाते आणि श्रम वाया जातात. खिडकीच्या वरच्या चौकटीला एक पट्टी ठोकून तिच्यावरून १० सेंटिमीटरच्या अंतराने नायलॉनच्या गडद दोऱ्या खालपर्यंत सोडणे हा अमेरिकेत रूढ झालेला उपाय अतिशय स्वस्त असून वाऱ्याने दोऱ्या किंचित हलतात हे त्याच्या पथ्यावरच पडते. दुकानांत मिळणाऱ्या चिकटपट्टीचे ठिपके किंवा रेघा, पांढऱ्या रंगाने स्टेन्सिलमधून काढलेली नक्षी, फार काय साबणाच्या वडीने ओढलेल्या उभ्या रेघादेखील चालतात, फक्त साबण पहिल्या पावसात वाहून जातो आणि नेमक्या नवरंगाच्या आगमनाच्या दिवसांत काच पुन्हा कोरी होते. बाहेरून सोडलेला बांबूचा चिकाचा पडदा ऊन आणि प्रतिबिंब दोन्ही अडवतो. डासांची जाळीही उत्तम काम करते, कारण ती प्रतिबिंब पुसट करते आणि धडकेचा जोर शोषून घेते. मात्र तीन ट्रॅकच्या सरकत्या खिडकीत जाळीचे दार अर्धीच खिडकी व्यापते आणि पुष्कळदा आतल्या ट्रॅकवर असते, त्यामुळे पूर्ण खिडकीवर बाहेरून ताणलेली जाळी लावल्याखेरीज तिचा हा उपयोग होत नाही. कबुतरांसाठी बाल्कनीला लावलेली नायलॉनची जाळी घट्ट ताणलेली आणि काचेपासून वीतभर पुढे असेल तर तीही ढालीसारखी उपयोगी पडते. ढिली पडून लोंबू लागली, की तिच्यात पंख अडकून पक्षी मरतात, आणि अशा लोंबत्या जाळ्या शहरांत फार दिसतात.

माणसाला न दिसणारी आणि पक्ष्याला दिसणारी खूण शोधण्याचाही प्रयत्न झाला आहे. माणसाच्या डोळ्याला दिसत नसलेला अतिनील प्रकाश अनेक गाणाऱ्या पक्ष्यांना दिसतो, या आधारावर अतिनील किरण परावर्तित करणाऱ्या नक्षीची काच जर्मनीत तयार झाली, आणि काही कोळी आपल्या जाळ्यात विणतात त्या ठळक पांढऱ्या धाग्यांवरून तिची कल्पना सुचल्याचे सांगितले जाते. कल्पना सुंदर आहे, पण तिच्यावर सर्वस्वी विसंबणे योग्य नाही. सगळ्या पक्ष्यांची अतिनील दृष्टी सारखी नसते, शिकारी पक्षी, कावळे आणि कबुतरांच्या कुळात ती बरीच कमी असते, सकाळ-संध्याकाळच्या मंद उजेडात हे किरण थोडे असतात आणि बाजारात मिळणाऱ्या अतिनील चिकटचित्रांचा गुण उन्हाने काही महिन्यांत उतरतो. माणसालाही दिसणारी साधी रेघ याहून भरवशाची.

बागेत दाणापाणी ठेवणाऱ्यांच्या बाबतीत क्लेम यांचा एक निष्कर्ष सामान्य समजुतीच्या उलट आहे. खिडकीजवळ पाण्याची परळ ठेवल्यास पक्षी आदळतील, म्हणून ती पाच-सात मीटर दूर ठेवावी असे वाटणे स्वाभाविक आहे. पण नेमके तेच अंतर सर्वांत धोक्याचे, कारण दचकून उडालेल्या पक्ष्याला काचेपर्यंत पूर्ण वेग धरण्यास ते पुरते. परळ खिडकीपासून एक मीटरच्या आत असेल तर उडताना वेग येण्याआधीच पक्षी काचेशी पोहोचतो आणि फार तर टक्कर होऊन सावरतो. म्हणून एक तर अगदी जवळ, नाही तर बरेच दूर, आणि दूर ठेवली तरी काचेवर खुणा हव्यातच.

काचेशी होणारे पक्ष्यांचे सगळे व्यवहार अपघात नसतात. विणीच्या हंगामात दयाळ, शिंजीर किंवा बुलबुल खिडकीत अथवा मोटारीच्या आरशात स्वतःचे प्रतिबिंब पाहून त्याला आपल्या हद्दीत घुसलेला प्रतिस्पर्धी समजतो आणि दिवसचे दिवस त्याच्याशी भांडतो. यात तो दमतो, चोच दुखवून घेतो, पण सहसा मरत नाही. अशा वेळी तेवढी काच बाहेरून कागदाने किंवा कापडाने काही आठवडे झाकली आणि मोटारीच्या आरशावर पिशवी घातली की प्रतिस्पर्धी नाहीसा होतो.

रात्रीच्या दिव्यांचा प्रश्न मोठ्या इमारतींशी अधिक निगडित आहे. ५ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे शिकागोच्या मॅककॉर्मिक प्लेस या तळ्याकाठच्या सभागृहावर, स्थलांतराची मोठी लाट आणि आत लागलेले दिवे यांचा संयोग होऊन, एका रात्रीत सुमारे हजार पक्षी आदळून मेले. पुढच्या वर्षी त्या काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावण्यात आली आणि धडकांची संख्या सुमारे ९५ टक्क्यांनी खाली आली. न्यूयॉर्क शहराने त्याआधीच, २०२० च्या कायद्याने, नव्या इमारतींच्या खालच्या मजल्यांवर पक्ष्यांना दिसणारे साहित्य सक्तीचे केले होते. घरापुरते बोलायचे तर स्थलांतराच्या दिवसांत बागेकडच्या खोलीतला दिवा विनाकारण जळत न ठेवणे एवढे पुरेसे आहे.

सर्व काळजी घेऊनही एखादा पक्षी आदळून खाली पडला, तर पहिली चूक होते ती त्याच्या चोचीत पाणी घालण्याची. गुंगीत असलेल्या पक्ष्याला गिळता येत नाही आणि ते पाणी श्वासनलिकेत जाऊन त्याचा जीव जाऊ शकतो. दाणे भरवणे, हळद लावणे, पुन्हा पुन्हा हातात घेऊन पाहणे हेही टाळावे. पुठ्ठ्याच्या खोक्याला आधीच भोके पाडून, तळाशी साधे सुती कापड अंथरून, पक्ष्याला त्यात अलगद ठेवावे आणि झाकण लावून खोके पंख्यापासून, उन्हापासून आणि मांजरापासून दूर, शांत जागी ठेवावे; अंधारात पक्षी स्थिर होतो आणि मेंदूला बसलेला धक्का ओसरायला अवधी मिळतो. पंख लोंबत असेल, रक्त येत असेल किंवा दोनेक तासांनीही तो सावरला नसेल, तर पक्ष्यांचे उपचार जाणणाऱ्या पशुवैद्याकडे न्यावे किंवा महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या दूरध्वनी क्रमांकावर कळवावे, कारण बरा करण्याच्या हेतूनेही रानपक्षी घरात पाळून ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. सावरला असल्याची खूण म्हणजे आतून येणारी पंखांची फडफड. तेव्हा खोके बागेच्या दूरच्या टोकाला, झाडांकडे तोंड आणि घराकडे पाठ करून ठेवावे, झाकण उघडावे आणि बाजूला व्हावे. पक्ष्याला हातातून हवेत उडवू नये, आणि ज्या खिडकीवर तो आदळला तिच्या बाहेर तेवढ्या वेळापुरती एखादी चादर टांगून ठेवावी.